काखेत चपला घेऊन बदलापूरला

उल्हासनगर ते बदलापूर गाडीनं अर्धा तास लागत नाही. मला अकरा वर्षं आणि तीन दिवस लागले. तेवढ्यात लोक काशी करून येतात. पण माझी वाट काशीहून लांबची होती. ती कशी सरली ते लिहून ठेवा, असं माझी लेक मंदा म्हणाली, म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन तिनं तपासलंय, बाकी जे बरंवाईट आहे ते माझं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. शहाडला कारखान्यात तीस वर्षं पाळी केली, आणि कॅम्प नंबर तीनला सिंध्यांच्या शेजारात दोन खोल्या घेतल्या. बायको हौसा आणि एकुलती मंदा. मंदानं लग्न केलं ते कोर्टात, सुधाकरशी. सुधाकर बदलापूरचा, बौद्ध घरातला, अंबरनाथ एमआयडीसीत टर्नर. लग्नानंतर दोघं नमस्काराला आली. त्यानं रीतीप्रमाणं दाराबाहेर चपला काढल्या. मी त्या उचलल्या आणि समोरच्या गटारात फेकल्या. वर काय बोललो ते आधी लिहिलं होतं, मग मीच खोडलं. वाचणाऱ्याच्या तोंडात ते शब्द कशाला? तो अनवाणी निघून गेला. मंदा त्याच्या मागं गेली. त्यानंतर अकरा वर्षं माझ्या घरात तिचं नाव निघालं नाही. म्हणजे मी असताना निघालं नाही.

मागच्या भादव्यात हौसा गेली. लेकीला मी कळवलं नाही. शेजारच्या तोलारामनं कळवलं, ती धावत आली, तोवर सरण विझलं होतं. दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे होते, झाडभर होते. एक खाली येईना. भावकी एकेक कबूल करायला लागली. "वहिनी, तुमची बोरमाळ मंदाला देऊ." कावळा हलला नाही. "तुमची तुळस जपू." नाही. दोन तास गेले. लांब बाभळीखाली मंदा उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. हौसाचं काय अडलंय ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. 'जावयाला घरात घेतो,' एवढंच म्हणायचं होतं. मी गुरुजींना म्हणालो, "दर्भाचा कावळा करा आणि उरका."

गवताचा कावळा पिंडाला शिवला. मंदा पाठ फिरवून गेली.

त्यानंतर माझ्या घशाखाली घास उतरेना. ताटावर बसलो की वाटायचं, ती तिकडं उपाशी आहे आणि मी इथं आमटी भुरकतोय. देवावर राग काढला. देव्हाऱ्यातले देव पालथे घालून ठेवले. म्हटलं, तुमचं तोंड बघायचं नाही मला. खरं तर माझं तोंड त्यांना दाखवायचं नव्हतं.

माघात हौसाची ट्रंक उघडली, लुगडी कुणाला तरी द्यावीत म्हणून. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुधाकरच्या चपला निघाल्या. कोल्हापुरी, उजव्या टाचेला खिळा मारलेला. तिनं त्या गटारातून काढून धुतल्या होत्या. नुसत्या धुतल्या नव्हत्या, अकरा वर्षं तेल देत होती. चामडं लोण्यासारखं मऊ होतं आणि त्याला खोबरेलाचा वास होता. माझ्या डोक्याला लावायच्या बाटलीतलंच तेल.

त्याच दिवशी ठरवलं. या चपला ज्याच्या आहेत त्याला नेऊन द्यायच्या, चालत आणि अनवाणी. तो गेला होता तसं.

रविवार : कॅम्प नंबर तीन

पहिल्या दिवसाचा प्रवास अर्धा मैल झाला. हसू नका. चौकापर्यंत गेलो आणि पाय मागं यायला लागले. काखेत चपलांची पिशवी धरून मी पानाच्या टपरीपाशी उभा, पुढंही जाईना न् मागंही जाईना.

तिथं तोलारामनं धरलं. हा माझा शेजारी. पापड लाटून घेऊन विकतो. वय माझ्याएवढंच, पण आवाज तीन माणसांचा. सिंध्यांकडं पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी देतात, आपल्याकडं गूळपाणी देतात तसं. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा जेवणाआधी पापड दिला म्हणून रुसून बसलो होतो. मला वाटलं, एका पापडावर बोळवण करतोय.

"कहां जाता है अदा, नंगे पैर?" अदा म्हणजे त्यांच्या भाषेत भाऊ.

त्याला सगळं सांगितलं. पिशवी उघडून दाखवली.

"भाभी ने रखा?"

"हो."

"और तू डरता है."

"घाबरतो कशाला? उन्हं वर आली म्हणून थांबलो."

"माघ महिने में?" तो म्हणाला. "चल मेरे साथ."

त्यानं मला त्यांच्या दरबारात नेलं. दरबार म्हणजे त्यांचं भजनाचं ठिकाण. आत ढोलक, गाणं, गोड भाताचा वास. पण त्यानं मला आत नेलं नाही. दाराशी चपलांचे ढीग होते, तिथं चारपाच माणसं मांडी घालून बसली होती. येणाऱ्याच्या चपला घ्यायच्या, फडक्यानं पुसायच्या, जोडीनं लावून ठेवायच्या. यांच्यात ही सेवा समजतात. ज्याच्या मनावर ओझं असेल तो मुद्दाम इथं येऊन बसतो.

मी म्हणालो, "तोलाराम, मी पाटलाच्या भावकीतला माणूस. लोकांच्या चपला पुसू?"

"अदा, हम सिंध से सब छोडके आया. घर छोडा, दुकान छोडा, बाप की हड्डी छोडा. तेरे से एक अकड नहीं छूटती?"

बसलो. पहिली चप्पल दोन बोटांनी धरली, मेलेल्या उंदरासारखी. शेजारी सोन्याच्या साखळीवाला एक कापडवाला सेठ बसला होता. तो मला शिकवायला लागला, "ऐसे नहीं काका, एडी से पकडो." दुपारपर्यंत माझे हात चालायला लागले. लहान मुलांचे बूट, म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या सपाता, एका बाईची अंगठा तुटलेली चप्पल दोऱ्यानं बांधलेली. चप्पल हातात धरली की माणूस कसा चालतो ते कळतं. कुणी आत झुकतो, कुणी बाहेर. जात कळत नाही. शोधून बघितली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी गोड भात खाल्ला आणि घरी आलो. त्या दिवशी पहिल्यांदा घास अडकला नाही.

सोमवार : अंबरनाथ

सकाळी लवकर निघालो. कॅम्प चार, कॅम्प पाच, मग वालधुनीच्या कडेनं. या नदीचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असतं. त्या दिवशी लाल होतं. आमच्या गावी नदीवरून महिना ओळखतात, इथं नदीवरून कारखान्यात आज काय शिजतंय ते ओळखतात. पुलाच्या अलीकडं डाव्या तळव्यात काच घुसली. बसून उपसून काढली. रक्त आलं, पण आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. जावयाला त्या दिवशी काय काय लागलं असेल, त्याचा हिशेब मला कुणी दिला नव्हता.

अंबरनाथला शंकराच्या देवळात पोचलो. ते तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. काळा दगड, तसूभर जागा कोरल्याविना सोडलेली नाही. हत्ती, बाया, देव सगळे दाटीवाटीनं उभे, कुणाला नाक नाही तर कुणाला हात नाही, पण तोरा तसाच. पण खरी गंमत आत आहे. आमच्याकडं देवाला जायचं म्हणजे डोंगर चढायचा. जेजुरी घ्या, जोतिबा घ्या, सगळे देव वर बसलेले. इथं देव खाली आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरायचं, तेव्हा गाभारा लागतो. माझ्यासारख्याला ते बरं होतं. चढायचं बळ नव्हतं, उतरणं जमण्यासारखं होतं.

लंगडत, भिंतीला हात लावत उतरलो. खाली गार, ओलं. पिंडीपुढं एक पुजारी बेल निवडत बसला होता आणि एक पँटवाले गृहस्थ डोळे मिटून उभे होते. मी नमस्काराला वाकलो आणि काखेतली पिशवी सुटून पायरीवर आपटली. चपला बाहेर. एक तर पार पिंडीच्या दिशेनं घसरत गेली.

आयुष्यात मी देवळाच्या पायरीवर चामड्याचा पट्टा घालून गेलो नव्हतो. आणि आज गाभाऱ्यात चपला!

"अरे, अरे!" ते गृहस्थ ओरडले. "म्हातारबुवा, डोकं ठिकाणावर आहे का? काढा त्या बाहेर!"

पुजारी उठला. "काय आहे हे?"

"जावयाच्या चपला," मी म्हणालो.

"जावयाच्या चपला इथं कशाला आणल्या?"

तिथं मी बोलायला लागलो. देवापुढं खोटं बोलायची सोय नव्हती, आणि पुजाऱ्यापुढं खरं बोलायची लाज वाटत नव्हती, कारण लाज आधीच जमिनीवर पडली होती, उजवी आणि डावी. गटार सांगितलं, हौसा सांगितली, कावळा सांगितला. गृहस्थ अर्ध्यातच वर निघून गेले. पुजारी ऐकत राहिला. मग खाली वाकला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती घसरलेली चप्पल उचलून दुसरीशेजारी पायरीवर ठेवली.

"आणायला नको होत्या," तो म्हणाला. "पण आणल्याच आहेत, तर तो काय म्हणणार? तो स्वतः हत्तीचं कातडं पांघरून बसलाय. चामड्याचा विटाळ त्याला कुणी शिकवला? बोला काय बोलायचं ते. मी वर जातो."

तो गेला. मी आणि देव उरलो. वर बघितलं, तर या गाभाऱ्याला माथा नाही. वर उघडं आभाळ दिसतं. एवढं खाली उतरल्यावर आभाळ दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

मला स्तोत्र येत नाही. म्हणालो ते असं : "शंकरा, मी तुला घरी पालथा घातलाय. घरी गेल्यावर सुलटा करतो. मी नालायक माणूस आहे, ते तुला माहीत आहे, हौसालाही माहीत होतं. माझं काय करायचं ते कर. पण माझ्या बाईला जेवू घाल." आणि मग जे नदीकाठी दोन तास दातांखाली धरून ठेवलं होतं ते मोठ्यानं बोललो. "हौसा, जावयाला घरात घेतो. त्यानं मला घेतलं तर."

दगडात आवाज घुमला. माझा आवाज मला परत ऐकू आला आणि तो रागावलेला नव्हता. कितीतरी वर्षांनी मी स्वतःला न रागावता बोलताना ऐकलं. कुणी प्रकट झालं नाही, घंटा वाजली नाही. पण छातीवर जी शिळा भादव्यापासून होती ती नव्हती. हात लावून बघितला. नव्हती. देवानं माफ केलं, हे मला तसं कळलं, जसं ताप उतरलेला माणसाला कळतं. दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

वर आलो तर पुजाऱ्यानं हातात नारळाची अर्धी वाटी ठेवली. "माफी इथली मिळाली," तो म्हणाला, "आता तिथली मागा. ती जास्त महाग असते."

रात्रीपुरता अंबरनाथमध्ये पाळीतल्या एका जुन्या सोबत्याकडं पडलो. तो म्हणाला, "चपला दे, करतो मी उद्या पोचत्या." म्हणालो, "गप बस."

मंगळवार : चिखलोली, बदलापूर

एमआयडीसीची सकाळची पाळी रिक्षांतून उतरत होती तेव्हा मी तिथून पुढं निघालो. चिखलोलीपर्यंत वास कमी झाला, शेतं लागली. वालाचे मळे होते. आता पाय सुजला होता, पण मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. बांधावर बसलो तर एक आगरी बाई शेंगा खुडत होती. माझ्यापेक्षा म्हातारी असेल. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आरं बाबा, पायान काय नाय न् काखंन चपला! डोका फिरला का काय तुजा?"

"माझ्या नाहीत, आजी."

"मंग कोनाच्या?"

"जावयाच्या. द्यायला चाललोय."

"न् तवर पायान घातल्या त जावय फाशी देल?"

ती हसून हसून खाली बसली. मग पायाचं रक्त दिसलं तशी हसायची थांबली. पदराची कड फाडली, कमरेच्या बटव्यातली हळद भरली आणि गाठ मारली. वर पिशवीत शेंगांची रास ओतली.

"ह्या कशाला?"

"रिकाम्या हातान लेकीकरं जातंस? लाज नाय वाटं?"

आमच्याकडं लेकीकडं जाताना खण, निदान चार लाडू नेतात. मी अकरा वर्षांनी जात होतो आणि माझ्या लक्षातही नव्हतं. परक्या बाईनं माझी अब्रू राखली.

बदलापूरला मंदाचं घर विचारत विचारत सापडलं. पूर्वेला बैठी चाळ, पुढं अंगण, कमरेएवढी भिंत. अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. सुधाकरची आई, माझी विहीण शेवंताबाई. मी कधी पाहिलं नव्हतं तिला. मी काही बोलायच्या आत तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या टाचेवर गेली.

"आण इकडं," ती म्हणाली.

मी दिल्या. तिनं उजवी पालथी केली, खिळ्यावरून अंगठा फिरवला.

"ह्यो खिळा मी मारून घेतला, मोच्याफुडं उभी ऱ्हाऊन. लग्नाला घेतल्या व्हत्या त्याला." मग माझ्याकडं बघितलं. "अकरा वर्सं लागली व्हय रं गटार उपसायला?"

"मी नाही उपसलं, विहीणबाई. हौसानं उपसलं. मी नुसता घेऊन आलो."

तिनं चप्पल नाकाशी नेली. तेलाचा वास घेतला. सूप बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, "मंदे, तुजा बाप आलाय."

मंदा दारात आली. जवळून बघितलं, केस पांढरे व्हायला लागले होते. माझ्या लेकीचे. ती रडली नाही. म्हणाली, "आईला कावळा शिवला नाही, आबा. तुम्ही तोंड उघडलं नाहीत."

"काल उघडलं. अंबरनाथला, देवापुढं."

"देवापुढं उघडायला काय जातं?"

"म्हणून तर इथं आलो."

तेवढ्यात सुधाकर बाहेर आला. त्याची दुपारची पाळी होती, म्हणून घरी. मी मनाशी ठरवून आलो होतो. आमच्यात लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. मी ते कधी केलं नव्हतं. दाराशी बादली होती, तांब्या होता. मी तांब्या भरला आणि त्याच्या पायांशी वाकलो. तो झटक्यानं मागं सरला.

"मामा, उठा."

"धुवू दे. माझं चुकलं."

"आमच्यात कुणी कुणाच्या पायाशी बसत नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण पक्का होता. "मी तुमच्या दारात उभा होतो. तुम्हीपण माझ्या दारात उभे राहा. काय म्हणायचं ते उभं राहून म्हणा."

गुडघे दुखत होते, तळवा ठणकत होता. तरी उठलो. देवानं खाली उतरवलं होतं, जावयानं उभं केलं. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मी तुमचा अपमान केला. तुमच्या घराचा केला. हौसाला अकरा वर्षं लेकीविना ठेवलं. माफ करा. माझ्या घरात या, माझी तेवढी लायकी असेल तर."

मंदा त्याच्याकडं बघत होती, नदीकाठी माझ्याकडं बघत होती तशी. मग त्यानं आईच्या हातातल्या चपला घेतल्या, जमिनीवर ठेवल्या आणि पायात सरकवल्या. दोन पावलं चालला.

"अजून बसतात," तो म्हणाला. "आई, मामांना पाणी दे. मंदा, त्यांचा पाय बघ आधी, सुजलाय."

आता मंदा रडली. मीही. शेवंताबाई तेवढी रडली नाही, तिनं माझी पिशवी तपासायला घेतली.

"ह्यो नारळ कसला?"

"देवाचा प्रसाद."

"परसाद आमी खात नाय."

मी ओशाळलो. एवढं सगळं करून शेवटी माती खाल्लीच.

"ठिव तिथं," ती म्हणाली. "परसाद नको, खोबरं चालंल. शेंगांच्या कालवणात वाटून घालते."

म्हणून देवाचं खोबरं आणि आगरी बाईच्या शेंगा बौद्धाच्या चुलीवर एका पातेल्यात शिजल्या. असलं कालवण मी जन्मात खाल्लं नाही.

ताटावर बसलो तेव्हा मी सुधाकरला म्हणालो, "मला देवानं इथवर आणलं." तो म्हणाला, "मामा, आम्ही देव मानत नाही. तुम्ही आलात, एवढं आम्हाला पुरे." शेवंताबाई म्हणाली, "देवानं धाडला म्हन न्हायतर पायांनी आनला म्हन. गिळ आता गरम हाय तवर." त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. एका पंगतीला दोन्ही बसतात, हे मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

पण पहिला घास मी घेतला नव्हता. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, उठून अंगणात आलो आणि भिंतीवर ठेवायला गेलो. हात काढायच्या आत कावळा आला. माझ्या बोटांना त्याची चोच लागली. घास घेऊन गेला, आणि लगेच दुसरा आला, मागणी करत.

मी तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो. मागं मंदा होती. तिनं माझा दंड धरला, नुसता धरला.

शेवंताबाई दारातून ओरडली, "आरं, त्यात रडायला काय झालं? मी रोज ह्याच टायमाला घालते त्यास्नी. हावरट झाल्यात मेले!"

म्हणालो, "असेल, विहीणबाई. कावळा तुमचा रोजचा असेल. पण माझी बाई आज जेवली."